चार वयांची मुलं, एकच टेबल : कॅथलिक घरांतलं घरशिक्षण चालतं कसं आणि अडतं कुठे?

मे महिना सरत आला की बेळगाव, खानापूर परिसरात शाळेची लगबग सुरू होते. गणवेश, वह्या, रिक्षावाल्याशी बोलणी, फीचा पहिला हप्ता. घरात शाळेत जाणारी दोन-तीन मुलं असतील तर हा खर्च आणि ही धावपळ दुपटी-तिपटीने वाढते. अशा वेळी काही पालकांच्या मनात एक प्रश्न डोकावतो: मुलांना घरीच शिकवलं तर? कॅथलिक कुटुंबांत या प्रश्नाला श्रद्धेची एक बाजूही असते. मुलांवर धर्माचे संस्कार करणं हे आधी आईवडिलांचं काम, अशी चर्चची शिकवणच आहे.

मात्र एका मुलाला घरी शिकवणं वेगळं आणि तेरा, दहा, सात आणि तीन वर्षांच्या चौघांना एकाच घरात, एकाच आईने शिकवणं वेगळं. अडतं ते इथेच. हौसेने सुरू केलेलं घरशिक्षण दिवाळीपर्यंत का ढेपाळतं आणि काही घरांत वर्षानुवर्षं का चालतं, याचं उत्तर बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात आणि कागदपत्रांत सापडतं.

ज्यांनी शाळा काढल्या, त्यांच्यातच हा विचार का?

बेळगावकरांना हे जरा उलटं वाटेल. इथलं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून फादर आणि सिस्टर लोकांच्या शाळांत मराठी, कन्नड, कोंकणी घरांतली मुलं शिकत आली. मग त्याच समाजातल्या कुटुंबाने शाळेबाहेरचा विचार का करावा?

कॅथलिक घरशिक्षणाची आजची पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुळली. तिथल्या बिशपांच्या बाल्टिमोर परिषदेने १८८४ मध्ये प्रत्येक धर्मग्रामाला शाळा असावी असा आग्रह धरला होता. सिस्टर लोक अगदी थोड्या मानधनावर शिकवत, म्हणून फी परवडायची. १९६० च्या दशकानंतर सिस्टरांची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि अनेक शाळा बंद पडल्या. चार-पाच मुलांच्या घरांना ते झेपेना. त्यातून पुस्तकं आणि स्वाध्याय टपालाने घरी पाठवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयल गावची सेटन होम स्टडी स्कूल ही त्यातली एक नावाजलेली. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झालं होतं.

चर्चची भूमिका दोन्ही बाजू धरून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असं म्हटलं. त्याच जाहीरनाम्यात, शक्य असेल तिथे मुलांना कॅथलिक शाळेत घाला, असंही सांगितलं. १९८३ च्या चर्च कायद्यातलं ७९८ वं कलम आणखी स्पष्ट आहे: कॅथलिक शिक्षण देणारी शाळा मिळत नसेल, तर त्या शिक्षणाची सोय शाळेबाहेर करणं ही पालकांची जबाबदारी. म्हणजे घरशिक्षण चर्चने सक्तीचं केलेलं नाही आणि निषिद्धही ठरवलेलं नाही. फादरांनी सांगितलं म्हणून किंवा फादरांना आवडणार नाही म्हणून, अशा दोन्ही सबबी इथे लागू पडत नाहीत. निर्णय पालकांचाच आहे.

बारा तासांचं गणित

समजा घरात चार मुलं आहेत. तेरा वर्षांचा थोरला, दहा आणि सात वर्षांच्या दोन मुली, आणि तीन वर्षांचं शेंडेफळ. शाळेत जाण्याजोगी तीन. प्रत्येकाला रोज सहा विषय, प्रत्येक विषयाला चाळीस मिनिटं धरली, तर आईला ७२० मिनिटं, म्हणजे बारा तास शिकवावं लागेल. स्वयंपाक, धुणी-भांडी आणि शेंडेफळाच्या मागे धावणं वेगळंच. शाळेचं वेळापत्रक जसंच्या तसं घरात आणणारी कुटुंबं पहिल्या दोन महिन्यांत थकतात, ती या गणितामुळे.

यावरचा उपाय परदेशातून आणायची गरज नाही. आपल्याकडच्या मास्तरांना तो 'जोडवर्ग' या नावाने ठाऊक आहे. खेड्यातल्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता असल्या की मास्तर एका वर्गाला फळ्यावर शिकवतात आणि दुसऱ्याला लेखनाला बसवतात. कर्नाटकात तर याची मोठी योजनाच झाली. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात 'नलि-कलि' उपक्रम सुरू झाला. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा नमुना त्यामागे होता. पहिली ते तिसरीची मुलं एका खोलीत बसतात आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवरचं काम करतं. पुढे हा उपक्रम राज्यभरातल्या सरकारी शाळांत गेला. चार मुलांचं घर म्हणजे असाच एक लहान जोडवर्ग.

विषयांचे दोन ढीग

जोडवर्ग चालवायचा तर विषयांचे दोन ढीग करावे लागतात.

पहिला ढीग स्वतंत्र शिकवायच्या विषयांचा. यात गणित आणि वाचन-लेखन येतं. इथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. सात वर्षांच्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नसेल, तर थोरल्याच्या बीजगणिताजवळ तिला बसवून काही उपयोग नाही. या विषयांसाठी प्रत्येक मुलाला रोज आईची किंवा वडिलांची वेगळी वेळ मिळायलाच हवी.

दुसरा ढीग एकत्र शिकवायच्या विषयांचा. धर्मशिक्षण, इतिहास, भूगोल, विज्ञानाचा बराचसा भाग, मोठ्याने वाचन, गाणी, चित्रकला. इथे सगळ्यांना धडा एकच आणि काम मात्र वयाप्रमाणे वेगळं.

मलप्रभा नदीचंच उदाहरण घ्या. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला तिचा उगम आहे आणि कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. धडा सगळ्यांनी एकत्र ऐकायचा, जमलं तर एकदा कणकुंबीला जाऊनही यायचं. नंतर सात वर्षांची मुलगी नदीचं चित्र काढून पाच वाक्यं लिहील. दहा वर्षांची मुलगी नकाशावर काठची गावं आणि सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थचं धरण दाखवेल. तेरा वर्षांचा मुलगा त्याच परिसरातल्या म्हादईच्या पाण्याचा वाद काय आहे, २०१८ मध्ये लवादाचा निवाडा का द्यावा लागला, यावर एक पान लिहील. तीन वर्षांचं शेंडेफळ शेजारी बसून निळा रंग फासत राहील. आईने शिकवलं एकदाच, शिकली तिघं.

आता पुन्हा हिशेब करू. एकत्र विषयांना रोज ९५ मिनिटं: धर्मशिक्षण २०, मोठ्याने वाचन ३०, आणि एक दिवस इतिहास-भूगोल, एक दिवस विज्ञान असे ४५. स्वतंत्र विषयांना प्रत्येकी ६० मिनिटं, म्हणजे तिघांचे १८० मिनिटं. एकूण २७५ मिनिटं, साडेचार तासांच्या थोडं वर. हे सोपं नाही, पण माणसाच्या आवाक्यातलं आहे. एकास एक शिकवताना हजेरी, गोंगाट, वही तपासण्याची रांग यांत वेळ जात नाही, हाही फायदा धरावा.

धाकट्यापासून सुरुवात

अनेक मुलांच्या घरात दिवस बिघडवतं ते बहुधा सगळ्यात लहान मूल. म्हणून सुरुवात त्याच्यापासून केलेली बरी. सकाळी पंधरा-वीस मिनिटं फक्त त्याची: गोष्ट, ठोकळे, पीठ मळायला एक गोळा. लक्ष मिळालं की ते थोडा वेळ आपलं आपण खेळतं. मग सात वर्षांच्या मुलीचं वाचन आणि गणित, कारण तिला एकटीने अभ्यास करता येत नाही. तोवर मोठी दोघं आदल्या संध्याकाळी लिहून दिलेल्या यादीतलं काम करतात: सराव गणितं, शुद्धलेखन, धडा वाचून प्रश्न काढणं. शेंडेफळ दुपारी झोपलं की थोरल्याचा अवघड विषय घ्यायचा.

यादी लेखी असावी. 'आई, आता काय करू?' हा प्रश्न तीन तोंडांतून दर दहा मिनिटांनी आला, तर कुठलंही वेळापत्रक टिकत नाही.

थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावं का? थोडं, जरूर. पाढे म्हणून घेणं, गोष्ट वाचून दाखवणं यात थोरल्याचीही उजळणी होते. पण मर्यादा हवी, विशेषतः थोरली मुलगी असेल तर. आपल्या घरांत ती आपोआप दुसरी आई होते. दिवसातले दोन-तीन तास भावंडं सांभाळण्यात जाऊ लागले, तर तिचं शिक्षण थांबलं असंच समजावं, मग घरात पुस्तकं कितीही असोत.

चर्चचं वर्ष हेच वेळापत्रक

कॅथलिक घराला एक सोय आयती मिळते. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर असं चर्चचं वर्ष आधीच आखलेलं असतं आणि ते सगळ्या वयांना लागू असतं. २४ जूनचं सांजाव, ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा आणि नव्या कणसांचा सण, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त. प्रत्येक सणाबरोबर इतिहास, शेती, गाणी, स्वयंपाक असे धडे निघतात. संध्याकाळची तेर्स किंवा जपमाळ होतेच. सात वर्षांच्या मुलीला एखादी दहाई पुढे होऊन म्हणायला दिली, की पाठांतराचा वेगळा तास लागत नाही.

मराठीसाठीही इथे एक ठेवा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ. धाकट्यांनी कथा ऐकावी, थोरल्याने जुन्या मराठीतले शब्द शोधावेत. चारशे वर्षांपूर्वीची मराठी आपल्याही प्रार्थनेची भाषा होती, हे मुलांना यातून कळतं.

तरीही धर्मशिक्षण पूर्णपणे घरात उरकत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी मुलांची तयारी करून घेणं हे चर्च कायद्याच्या ९१४ व्या कलमाने आईवडिलांबरोबर धर्मगुरूंवरही सोपवलं आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलं गेली तर त्यांना सोबतीही मिळतात. शाळा नसलेल्या मुलांना या सोबतीची गरज जास्त असते.

कायदा काय म्हणतो?

घटनेच्या २१-अ कलमाने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. त्यानुसार केलेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला कायद्यात दंड किंवा शिक्षा नाही. घरशिक्षण हा शब्दही कायद्यात नाही, ना परवानगी म्हणून, ना बंदी म्हणून. त्यामुळे घरशिक्षण करणारं कुटुंब गुन्हा करत नाही, पण त्याच्या हातात नोंदणीचा कागदही नसतो. मूल शाळाबाह्य आहे का, हे पाहायला कोणी आलं तर दाखवायला काहीतरी हवं. म्हणून रोजची नोंदवही, प्रत्येक मुलाच्या दर महिन्याच्या दोन-तीन वह्यांची पानं आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी, तारखेसह, एका फाइलमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

याच कायद्यातलं चौथं कलम लक्षात ठेवण्याजोगं आहे. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार योग्य इयत्तेत प्रवेश मिळण्याचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क त्यात आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या आत परतीची वाट उघडी आहे.

दहावीचं काय?

पालकांच्या काळजीचा हा मुख्य मुद्दा. यासाठी सर्वांत रुळलेली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था. तिचे अ, ब आणि क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. दहावीसाठी वय किमान १४ आणि बारावीसाठी १५ लागतं. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते.

अनेक मुलांच्या घराला ही सवलत कामाची. थोरल्याने दोन विषय एका खेपेला आणि तीन पुढच्या खेपेला दिले, तर आईला बाकीच्यांकडे पाहायला उसंत मिळते.

मुक्त विद्यालयाच्या बारावीवर वैद्यकीय प्रवेशाची दारं बंद करणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवली. त्यामुळे हा रस्ता डॉक्टरकीपर्यंत जात नाही, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी.

महाराष्ट्राच्या हद्दीत, चंदगड किंवा गडहिंग्लजकडे राहणाऱ्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याची वाट माहीत असते. तिच्या अटी वेगळ्या आहेत, त्या फॉर्म भरण्याच्या वर्षी नव्हे तर दोन वर्षं आधी पाहाव्यात.

सीमाभागातले दोन खास पेच

पहिला पेच भाषेचा. इथल्या कॅथलिक घरात कोंकणी, शेजारी मराठी, पुस्तकं इंग्रजी आणि कचेरीत कन्नड. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली. घरी शिकणाऱ्या मुलावर ती सक्ती येत नाही, आणि म्हणूनच कन्नड राहून जाते. एनआयओएसच्या पाच विषयांत जास्तीत जास्त दोन भाषा घेता येतात. मराठीही आहे, कन्नडही आहे, इंग्रजीही आहे. तिघींतून दोघी निवडायच्या म्हणजे एकीला प्रमाणपत्रावर जागा नाही. मराठी टिकवायची आणि राज्य सरकारच्या नोकरीची शक्यताही ठेवायची, तर जी भाषा परीक्षेला नसेल ती घरात रोज अर्धा तास वाचली-लिहिली गेली पाहिजे. हे ठरवायचं वय दहा-अकरा, चौदा नव्हे.

दुसरा पेच सीईटीचा. कर्नाटकात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना मुख्य अट असते ती राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत किमान सात शैक्षणिक वर्षं शिकल्याच्या दाखल्याची. घरी शिकलेली वर्षं त्यात मोजायला शाळाच नसते. पालकांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेली इतर कलमंही नियमांत आहेत, त्यातलं एखादं आपल्याला लागू होतं का हे थोरल्याच्या पाचवी-सहावीच्या वयातच तपासावं. बारावीनंतर तपासून हाती काही लागत नाही. सात वर्षं धरायची ठरवलं, तर सहावीपासून बारावीपर्यंत शाळा-कॉलेज आणि त्याआधी घर, असा मध्यम मार्गही निघतो.

कुठे तुटतं

घरशिक्षणाची फी नसते, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण रोजचे साडेचार तास शिकवणारी व्यक्ती दुसरं कमावतं काम करू शकत नाही. तिचा न आलेला पगार हा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. बहुतेक घरांत ती व्यक्ती आई असते. वडिलांनी संध्याकाळी थोरल्याचं गणित-विज्ञान आणि शनिवारी धाकट्यांची जबाबदारी घेतली, तरच हा गाडा चालतो. सगळं आईवर टाकून घेतलेला घरशिक्षणाचा निर्णय घराचा नव्हे, एकट्या वडिलांचा म्हणावा लागेल.

नवं बाळ, आजारपण, घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळणं, यांपैकी काहीही झालं तर वर्षातले दोन महिने जातात. ते धरूनच अभ्यास आखावा. एखादं मूल वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीही वाचनात अडखळत असेल, तर 'हळूहळू येईल' म्हणत बसू नये, तज्ज्ञाला दाखवावं. शाळेत शिक्षकाच्या नजरेला येणारी अडचण घरात सवयीची होऊन जाते.

आणि चौघांसाठी एकच उत्तर असलं पाहिजे असंही नाही. थोरल्याला मैदान आणि मित्र हवे असतील तर तो शाळेत आणि धाकट्या दोघी घरी, असंही चालतं. म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये, शाळांचे प्रवेश सुरू होण्याआधी, आईवडिलांनी प्रत्येक मुलाची फाइल समोर घेऊन बसावं. वाचन-गणितात वर्षभरात ते किती पुढे गेलं, त्याला घराबाहेरचे किती सोबती आहेत, पुढच्या परीक्षेचा कागद कुठला, आणि शिकवणारी आई अजून तग धरून आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. ज्या मुलाच्या बाबतीत दोन उत्तरं नकारार्थी येतील, त्याच्यासाठी जूनमध्ये शाळेचा अर्ज भरावा. बाकीच्यांचं टेबल तसंच चालू ठेवता येतं.